उरलेलं रक्त

हॉस्पिटलच्या तळघरात शवागार, धुलाईखाना आणि त्याची प्रयोगशाळा अशी तीन खाती शेजारी शेजारी होती. पहिल्या दोन ठिकाणी माणसांची ये-जा असायची. प्रयोगशाळेत तो एकटाच. कुणी नवखा कर्मचारी चुकून दारात डोकावला, की विचारायचा, "चादरी इथंच द्यायच्या का?" तो मान न वळवता हात लांब करून पलीकडचं दार दाखवायचा.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. शिकला होता जीवरसायनशास्त्र. वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा विभाग होता, तिथे दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत. या बाळांना सगळ्यात मोठी भीती रक्तात शिरणाऱ्या जंतुसंसर्गाची. मोठ्या माणसाला ताप भरतो, तो कण्हतो, अंग दुखतंय म्हणून सांगतो. एवढंसं बाळ काही सांगत नाही. थोडं जास्त झोपतं, दूध थोडं कमी घेतं, आणि डॉक्टरांच्या ध्यानात येईपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. आजार दिसायच्या आधीच रक्तात त्याची काही खूण उमटते का, हे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. एका प्रथिनावर त्याचा आणि वरच्या डॉक्टरांचा संशय होता. बाळ वरून ठणठणीत दिसत असतानाच ते रक्तात वाढायला लागत असावं. असावं, एवढंच. खात्री कुणालाच नव्हती.

बाळांचं रक्त नेहमीच्या तपासण्यांसाठी घेतलं जायचंच. त्यातून दोन-चार थेंब उरत. आईवडिलांनी परवानगी दिली असेल तर ते उरलेले थेंब बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरून, वर नावाऐवजी नुसता आकडा घालून खाली येत. तो त्या नळ्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. सगळ्या जमल्या की एकदमच तपासायच्या होत्या, कारण आज एक, उद्या एक असं तपासत बसलं तर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे पहिली काही वर्षं त्याचं काम म्हणजे नळ्या घेणं, रचणं आणि फ्रीझर बंद पडत नाही ना हे बघणं. बाळ मात्र त्याने एकही पाहिलं नव्हतं.

आईवडील गेल्यापासून घरीही तो एकटाच होता. थोरली बहीण दुसऱ्या गावात. ती रविवारी न चुकता फोन करायची.

"दोनदा तुझी बोलणी फिसकटली, तिसऱ्यांदा मी काही मध्ये पडायची नाही," ताई म्हणायची. "त्या फ्रीझरशीच लग्न कर. थंड डोक्याचा आहे, उलटून बोलत नाही."

"वीज फार खातो गं."

"कमावतोस कशाला मग?"

तो हसायचा. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की शुक्रवारी कामावरून निघाल्यापासून आपण पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ती बाई त्याला कॅन्टीनमध्ये भेटली. मंगळवार होता, गर्दी होती, आणि त्याच्या समोरची खुर्ची तेवढी मोकळी होती. तिच्या एका हातात ट्रे, खांद्यावर फुगलेली पिशवी, आणि कोपराने ती एक छोटी ढकलगाडी पुढे रेटत होती. गाडीत अडीच-तीन वर्षांचा मुलगा. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचे आधार बांधलेले.

"इथं कुणी आहे का?"

"नाही. कुणी नसतं."

ती बसली. मुलगा तोंड मिटून एकसुरी गुणगुणत होता, गाणं नव्हे, नुसता सूर. आजूबाजूच्या दोघांतिघांनी वळून पाहिलं.

"दिवसभर हेच चालतं," ती म्हणाली. "म्हणून आम्ही भुंगा म्हणतो. खरं नाव फक्त केसपेपरवर वापरतो. वर फिजिओथेरपीला आणते दर मंगळवारी. तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. मी खालचा."

"खालचा म्हणजे?"

"तळघरात असतो."

तळघरात काय आहे ते हॉस्पिटलात येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. तिचा घास हातातच राहिला. तिने नकळत मुलाची गाडी जरा आपल्याकडे ओढली.

"तिथला नाही," तो घाईने म्हणाला. "त्याच्या शेजारचा."

तिला जे हसू फुटलं ते आवरेना. आई हसते म्हणून भुंगाही हसायला लागला. आपल्या बोलण्यावर कुणी इतकं हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

तेव्हापासून मंगळवारी ती त्याच्याच टेबलाशी येऊ लागली. तो तिच्यासाठी खुर्चीवर आपलं जाकीट टाकून ठेवायचा. मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालायचा. त्यात तसलं काही नव्हतं. माणूस पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडतो, तेवढंच.

ती घरी बसून पडदे शिवायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार-सहा दिवस घरी. "साऱ्या गावाच्या खिडक्यांची मापं मला पाठ आहेत," ती सांगायची, "आणि माझ्या खिडकीला जुनी चादर." नवऱ्याचं मुलावर प्रेम होतं, पण मुलाच्या आजाराबद्दल बोलायला तो तयार नसे. विषय निघाला की गाडीचं तेल बघायला खाली जायचा. बाकीच्या नातेवाइकांचंही हळूहळू तेच झालं होतं.

"आधी सगळे विचारायचे, चालायला लागला का, बोलायला लागला का. मला वैताग यायचा. मग विचारणं बंद झालं. म्हटलं, सुटले एकदाची. आता वाटतं, विचारलं असतं तरी चाललं असतं."

भुंग्याची हकिकत तिने तुकड्या तुकड्याने सांगितली. जुळी होती. मुलगी जन्मतःच गेली. मुलगा पेटीत ठेवला. वजन वाढायला लागलं होतं, नळीने दूध पचत होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याचा श्वास थांबायला लागला. रक्तातला संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. जीव वाचला, पण पायांतली आणि जिभेतली ताकद त्या आजाराने नेली.

"आणि तुम्ही खाली नक्की करता काय?" तिने एकदा विचारलं.

त्याने सांगितलं. इतकं सविस्तर त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तिने चमचा खाली ठेवला.

"थांबा. एक मुलगी आली होती कागद घेऊन. तपासणीतून उरलेलं रक्त ठेवून घेतलं तर चालेल का, म्हणाली. मी म्हटलं, उरलेलंच आहे तर घ्या की." तिने भुंग्याकडे बघितलं. "म्हणजे हा तुमच्याकडे भाडेकरू आहे."

"जन्मल्यापासून."

"भाडं काही मिळायचं नाही हं."

ती सहज म्हणाली, त्यानेही सहजच घेतलं. फ्रीझरमध्ये शेकडो नळ्या होत्या.

उन्हाळा सरता सरता नळ्यांची भरती पूर्ण झाली आणि तपासणीला सुरुवात झाली. दिवसाकाठी एक प्लेट. बोटाच्या नखाहून लहान अशा खाचा असलेली प्लास्टिकची पट्टी, प्रत्येक खाचेत एका बाळाचं रक्त, बर्फासारखं गार, थेंबभर. त्यावर एकामागून एक द्रव घालायचे, मध्ये थांबायचं, धुवायचं, पुन्हा घालायचं. शेवटी खाचांतलं पाणी निळं होई, आम्ल टाकलं की पिवळं. प्रथिन जितकं जास्त तितका पिवळा गडद. बहुतेक खाचा फिकटच राहत, लिंबाच्या पाण्यासारख्या. एका सकाळी एक खाच अशी भडक पिवळी झाली, की यंत्रात घालायच्या आधी नुसत्या डोळ्यांना कळावं. त्याने तपासणी पुन्हा केली. पुन्हा तोच रंग.

त्याला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या प्रथिनाने असं ठणकावून काही सांगितलं होतं. तो एकटाच त्या खोलीत उभा राहून हसला. हे हसणं पुढे त्याला विसरता आलं नाही.

सगळ्या प्लेटी झाल्यावर शेजारच्या इमारतीतल्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी आकड्यांची फोड केली. कुठला आकडा म्हणजे कसलं बाळ, एवढंच. नावं त्यातही नव्हती. पण भडक पिवळ्या खाचेपुढे जे आलं ते वाचल्यावर त्याला नावाची गरज उरली नाही. मुलगा. जुळ्यांपैकी, बहीण जन्मतः मृत. रक्त सकाळी घेतलं तेव्हा तब्येत उत्तम, वजन वाढतं. त्याच दिवशी रात्री गंभीर संसर्ग, मेंदूच्या आवरणाला सूज.

म्हणजे रक्त सकाळचं होतं. सकाळी त्या रक्तात सगळं लिहिलेलं होतं, आणि ते रक्त उरलेलं म्हणून बर्फात गेलं होतं.

तो खुर्चीत बसून राहिला. पलीकडे धुलाईखान्यातली यंत्रं घुमत होती.

दुसऱ्या दिवशी तो वर, विभागप्रमुख डॉक्टरांकडे गेला. सगळे त्यांना मोठ्या मॅडम म्हणत. साठीकडे झुकलेली, आवाज न चढवता काम करून घेणारी बाई. त्यांना त्याच्या आकड्यांनी आनंद झाला होता. भडक पिवळ्या खाचा आणखीही निघाल्या होत्या, आणि त्यांतली बहुतेक बाळं पुढे आजारी पडलेलीच होती. तपासणी विभागात रोजच्या वापरात आणायची त्यांची तयारी सुरू झाली होती. त्याने त्या मुलाची गोष्ट काढली, त्याची आई आपल्या ओळखीची आहे हेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी मीच होते ड्यूटीला," त्या म्हणाल्या. "सकाळी मीच तपासला त्याला. पोट मऊ, रंग चांगला. मी नर्सला म्हणालेसुद्धा, हा गडी आता मार्गाला लागला."

तो टेबलावरच्या चष्म्याकडे बघत होता.

"तुम्ही तेव्हा ती नळी तपासली असतीत, तरी त्या आकड्याचा अर्थ आपल्याला लागला नसता. आज लागतो, तो अशा मुलांमुळेच लागतो. तुम्हाला हे कळतंय ना?"

"कळतंय."

"मग त्या बाईला सांगून काय होणार?"

"ते मला माहीत नाही."

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. "तिने विचारलं तर सांगायचं. तो तिचा हक्क आहे, नियमातही बसतं. तिला माझ्याकडे घेऊन या, मी सांगेन. पण आपण होऊन तिच्या अंगावर टाकू नका. आपल्याला हलकं वाटावं म्हणून दुसऱ्याला जड करू नये."

हे त्याला पटलं. पण पटलं तरी त्या टेबलाशी बसवेना. पुढच्या मंगळवारी तो कॅन्टीनला उशिरा गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी गेलाच नाही, फ्रीझरशेजारी उभ्याउभ्या ब्रेड आणि अंडं खाल्लं. आठवडाभरात तो जे काही बोलायचा त्यातलं बरंचसं मंगळवारच्या त्या अर्ध्या तासात बोलायचा, ते बंद झाल्यावर त्याचा आवाजही बसल्यासारखा झाला. रविवारी ताईने विचारलं, "सर्दी झाली का रे?"

"नाही."

"मग?"

"काही नाही गं. काम जास्त आहे."

तिसऱ्या मंगळवारी दारावर टकटक झाली. त्याला वाटलं, चादरीवाला असेल. हात लांब करून तो शेजारचं दार दाखवणार, तोच ते गुणगुणणं ऐकू आलं.

"सगळ्यांना विचारत विचारत आले," ती दारातून म्हणाली. "आधी तुमच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, बाई, तुम्ही फार लवकर आलात." ती हसली, पण डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. "रागावलात का आमच्यावर? हा टेबलावर सांडतो, आवाज करतो, मला कळतं. स्पष्ट सांगा, मी दुसरीकडे बसेन."

"तसं काही नाही."

"मग?"

त्याने एकुलती एक खुर्ची तिला दिली. तिने गाडीचा ब्रेक लावला, खोलीभर नजर फिरवली.

"याच्यात का?" तिने फ्रीझरकडे हात केला. "झालं का तपासून? आमच्या भाडेकरूचं काय निघालं?"

विचारलं होतं तिने. हसत विचारलं होतं, पण विचारलं होतं. तो म्हणाला, "आपण वर मॅडमकडे जाऊ. त्या नीट समजावून सांगतील."

तिचं हसू थांबलं. भुंगा गुणगुणत राहिला.

"म्हणजे काहीतरी निघालंय," ती म्हणाली. "मॅडम नकोत. मॅडमनी सांगितलं की मी मान हलवते आणि घरी गेल्यावर मला काही आठवत नाही. तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं. कुठला शब्द वापरायचा हे ठरवायला त्याच्याकडे तीन आठवडे होते, तरी ऐनवेळी सगळं वेडंवाकडं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी घेतलेल्या रक्तात ते प्रथिन फार वाढलेलं होतं. म्हणजे आजार सकाळीच सुरू झालेला होता. तेव्हा या आकड्याचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. आता लागतोय.

ती ऐकत असताना भुंग्याच्या पायाच्या आधाराचा पट्टा सोडत होती आणि पुन्हा लावत होती.

"सकाळी कळलं असतं तर?"

"औषध सकाळी सुरू झालं असतं."

"मग हा चालला असता?"

"ते कुणी सांगू शकत नाही. कदाचित. खरंच सांगता येत नाही."

तिने पिशवीतून मोबाइल काढला. बोट खूप वेळ वरखाली फिरत राहिलं. मग तिने तो त्याच्यापुढे धरला. फोटोत काचेच्या पेटीत एक इवलंसं बाळ, डोक्यावर लोकरीची टोपी, नाकात नळी, एक हात गालाखाली घेऊन झोपलेलं.

"त्या दिवशी दुपारचा आहे. मी सगळ्यांना पाठवला होता. 'आज किती शहाण्यासारखा झोपलाय बघा' असं लिहून. तुम्ही शिकलेले आहात. बघा, दिसतंय का यात काही?"

त्याने मोबाइल हातात घेतला. फोटो मोठा करून चेहरा पाहिला, ओठ पाहिले, बोटांची नखं पाहिली. काहीतरी दिसावं असं त्याला वाटत होतं, आणि दिसू नये असंही. झोपलेलं बाळ होतं. त्याने पाहिलेलं ते पहिलंच.

"नाही," तो म्हणाला. "काही दिसत नाही."

"मलाही नाही दिसलं." तिने मोबाइल परत घेतला. "पोटात होता तेव्हा याला सोबत होती. पेटीत पहिल्यांदा एकटा झोपायला लागला. मी काचेला हात लावून बसायचे, म्हणजे याला वाटावं कुणीतरी आहे. त्या दिवशी पण बसले होते. आणि हा तिथं माझ्या हाताखाली आजारी होता, एकटाच. रक्ताला माहीत होतं आणि मला नव्हतं."

त्याने पाणी देऊ का विचारलं, ती नको म्हणाली.

"दुखत असेल का हो त्याला? सकाळपासून?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खोटं बोलणं सोपं होतं, पण तिने ते ओळखलं असतं.

ती उठली. ब्रेक काढला. दारात थांबून, मागे न वळता म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. पण आता मला तुमच्यासमोर बसून जेवता यायचं नाही. जेवायला लागले की मला ती सकाळ आठवेल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." मग सवयीने, मुलाकडे वाकून, "काकांना टाटा कर." भुंग्याने हात वर केला. त्याला ते नुकतंच जमायला लागलं होतं.

त्यानंतर ती मंगळवारी दिसेनाशी झाली. त्याने काही आठवडे खुर्चीवर जाकीट टाकून ठेवलं. एकदा एका बाईने विचारलं, "इथं कुणी बसलंय का?" तेव्हा त्याने ते उचलून घेतलं. मॅडमना त्याने सगळं सांगितलं होतं, त्यांनी तिला पत्र पाठवून भेटायला बोलावलं, ती जाऊनही आली. काय बोलणं झालं ते मॅडमनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

ताईला मात्र त्याने एका रविवारी सांगितलं.

"तू जेवलास का आज?" तिने विचारलं.

"जेवतो."

"आधी जेव. मी धरते फोन."

आणि तिने खरंच धरला. त्याने ताट वाढून घेतलं, फोन पेल्याला टेकवून ठेवला, आणि दोघं काही न बोलता तो जेवेपर्यंत थांबली.

हिवाळ्यात नवी तपासणी विभागात सुरू झाली. आता रक्त उरायची वाट बघायची नव्हती. कुठल्या बाळाबद्दल नर्सला जराशी शंका आली, की थेंबभर रक्त लगेच खाली यायचं, नव्या यंत्रात तासाभरात आकडा निघायचा, आणि तो वर फोन करायचा. पहिले काही दिवस सगळे आकडे साधेच होते. फोन उचलणारी नर्स "बरं" म्हणायची आणि ठेवायची. मग एका सकाळी आकडा चढलेला आला. त्याने यंत्र एकदा तपासलं, फोन केला, आणि फोनवर विश्वास न बसून जिन्याने स्वतःच वर गेला.

मॅडम एका पेटीपाशी उभ्या होत्या. आतली मुलगी हातपाय झाडत होती, गुलाबी, कुरकुर करत. शेजारी तिचा बाप, अंगावर हॉस्पिटलचा निळा झगा उलटा घातलेला.

"पण ती तर बरी दिसतेय," बाप म्हणत होता.

"दिसतेय," मॅडम म्हणाल्या. "तरी आपण औषध सुरू करू. नको असेल तर दोन दिवसांनी थांबवता येईल."

औषध थांबवावं लागलं नाही. तपासणीसाठी वेगळ्या बाटलीत ठेवलेल्या रक्तात दोन दिवसांनी जंतू वाढले. मुलीला मात्र ताप आला नाही, श्वास थांबला नाही, दूधसुद्धा तुटलं नाही. झालं काहीच नाही. मॅडमनी खाली फोन करून तेवढंच सांगितलं, "काही झालं नाही हो तिला," आणि फोन ठेवला.

काही आठवड्यांनी तो दुपारी लिफ्टमध्ये शिरला तर आत तेच कुटुंब होतं. बापाच्या हातात पिशव्या, आईच्या कुशीत गुंडाळलेली मुलगी, सोबत एक म्हातारी, बहुधा आजी. घरी निघाले होते.

"कितवा मजला तुमचा?" बटणांशी उभ्या बापाने विचारलं.

"तळघर."

बापाने जरा दचकून बटण दाबलं आणि आदराने नजर खाली घेतली. कुणी गेलं असेल याचं, असं त्याला वाटलं असावं.

"एवढ्या दिवसांत एकदाही त्रास दिला नाही हिने," आई म्हातारीला सांगत होती. आवाजात अभिमान होता. "बाकीच्या बायकांची मुलं एवढी आजारी पडायची. हिचं आपलं झोप आणि दूध."

"कुणावर गेलीय मग," म्हातारी म्हणाली.

तळमजल्यावर ती सगळी उतरली. दार मिटेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत होता. त्यांना थांबवून सांगण्यासारखं काही नव्हतं. जे झालंच नाही ते कुणाला काय सांगणार? ते समजू शकेल असं माणूस त्याला एकच माहीत होतं.

तळघरात पोचून तो बाहेर पडला नाही. त्याने वरचं बटण दाबलं.

फिजिओथेरपीच्या खोलीत तो कधी गेला नव्हता. ती आता गुरुवारी येते, हे त्याला तिथल्या बाईंनी कॅन्टीनमध्ये मागेच सांगितलं होतं. गुरुवार होता हे मात्र लिफ्टमध्येच त्याच्या लक्षात आलं. दाराच्या काचेतून त्याने पाहिलं. भुंगा दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये उभा होता, हातांनी दांड्या घट्ट धरून. ती पलीकडच्या टोकाला गुडघ्यांवर बसून त्याला बोलावत होती. त्याने एक पाय ओढला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

तिने मान वर केली आणि तिला तो दिसला. ती लगेच उठली नाही. मुलगा तिच्यापर्यंत पोचला, त्याला तिने गादीवर बसवलं, तोंड पुसलं, आणि मग दाराशी आली. दार अर्धंच उघडलं.

"सुरू झालं का तुमचं?"

"झालं."

"मग?"

"एक मुलगी," तो म्हणाला. "वेळेवर कळलं. आज घरी गेली."

तिने दाराची कड धरली होती. बोटांना सुईने टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. ती त्याच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या पॅसेजकडे बघत राहिली.

"तिच्या आईला माहीत आहे? काय टळलं ते?"

"नाही. तिला वाटतं, मुलगी गुणी आहे."

तिचे डोळे भरले, पण तिने ते वाहू दिले नाहीत.

"बरं आहे," ती म्हणाली. "तसंच वाटू दे तिला."

आत भुंग्याने सूर धरला होता. तिने दार लोटलं, सावकाश, त्याच्या तोंडावर बंद केल्यासारखं वाटू नये इतकं सावकाश. तो थोडा वेळ काचेपाशी थांबला. मग जिन्याने खाली गेला, कारण यंत्रात मघाशी आलेलं एक रक्त लावलेलं होतं आणि वर कुणीतरी त्याच्या फोनची वाट बघत होतं.